क्रमांक ४१७ ची पावलं

४१७ / चौगुले सुकुमार आदगोंडा / ५० किमी / ६ तास ०४ मिनिटं / पूर्ण.
४१८ / मगदूम उदय भूपाल / गैरहजर.

*

व्हॅसलीन काखेत लावायचं, मांड्यांच्या आतून लावायचं आणि छातीवर दोन ठिकाणी. छातीचं नवीन माणसाला कोणी सांगत नाही. पहिल्या लांब शर्यतीनंतर तो स्वतःच्या बनियनवरचे दोन लाल डाग बघतो आणि मग त्याला कळतं.

*

म्हशीचं दूध, फॅट सहा पॉइंट आठ. डेअरीच्या लॅबमध्ये रोज दोनशे नमुने येतात. बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो.

*

नियम १४. धावकाची ओळख त्याच्या पावलांवरून केली जाईल. सलग सहभाग खंडित झालेल्या धावकाच्या पावलांची नोंद ३१ डिसेंबरला पुसली जाईल. कायम क्रमांक मिळालेल्या धावकाची नोंद कायम जपली जाईल.

*

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दृष्टी जाऊन अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत त्यांनी मला 'कोण?' असं एकदाही विचारलं नव्हतं. मी फाटक उघडून चार पावलं टाकली की आतून आवाज यायचा, "उदय, येताना पेपर आणलास काय?" पेपर मी त्यांना वाचून दाखवायचो.

*

सुकुमारच्या बुटाचा डावा तळ बाहेरच्या कडेला आधी झिजतो. माझा उजवा झिजायचा, टाचेला.

किमी उणे ४०

राधानगरीच्या धरणापासून कोल्हापुरात रंकाळ्यापर्यंत पन्नास किलोमीटर. शर्यतीचं छापील नाव लांबलचक आहे, आम्ही सगळे 'धरणतळं' म्हणतो. डिसेंबरचा पहिला रविवार. सलग दहा वर्षं पूर्ण केली की तुमचा नंबर कायमचा तुमचा होतो. मग तुम्ही पळा, पळू नका, मरा, तो दुसऱ्याला मिळत नाही. एक वर्ष चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

माझी आणि सुकुमार चौगुलेची नऊ झाली होती. मी डेअरीत दूध तपासतो, तो वीज कंपनीत लाइनमन. नऊही वर्षं आम्ही शेजारी शेजारी पळालो. बोलायचं काम त्याचं. तिसाव्या किलोमीटरला माझ्या तोंडातून थुंकी निघायची नाही, तेव्हा हा कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाचं वर्णन करत असायचा. एकदा खांबावरून पडल्यापासून त्याचं डावं पाऊल टेकताना किंचित घासायचं. टप, सर्र. टप, सर्र. डोळे मिटून मी त्या आवाजाच्या बाजूने पळू शकत होतो.

दोन हजार एकेचाळीसच्या मार्चमध्ये मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि त्याची डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, जरा जड झालं.

मे महिन्यात तो मला म्हणाला, "मगदूम, माझं दहावं पळ."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा नंबर लाव नि पळ."

"आणि माझं?"

"तुला पाय हाईत की दोन. परत दहा वर्सं पळशील, चौसष्टाव्या वर्षी मिळंल नंबर. मला संडासला न्यायला दोन माणसं लागाल्यात. माझं कवा होणार?"

त्याची बायको, पद्मजा वहिनी, चहा घेऊन आत आल्या. "काय कुजबुज चाललीय दोघांची?"

"काय न्हाई. मगदूमाला म्हणालो, पोट सुटलंय तुझं."

वहिनी हसल्या. त्या दिवसांत त्या क्वचितच हसायच्या, म्हणून मी पोटावरून हात फिरवून दाखवला.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "ते पावलं ओळखतंय, सुकुमार. नंबर लावून काय होतंय?"

"मग माझी पावलं टाक," तो म्हणाला आणि उजव्या हाताने कॉटखालच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

किमी उणे ३०

इथे थोडं समजावून सांगावं लागेल.

पूर्वी लोक एकमेकांचे नंबर विकत घ्यायचे, मित्राची चिप स्वतःच्या बुटाला बांधून त्यालाही पदक मिळवून द्यायचे. ते थांबवायला बुटात घालायची तळी आली. तळीत कागदासारखा पातळ पडदा असतो. तो दाबला की चिमूटभर वीज तयार होते, त्या विजेवरच तो चालतो. टाच किती जोरात टेकली, वजन बाहेरून फिरून अंगठ्यावर कसं आलं, डाव्या-उजव्यात किती अंतर पडलं, अशी साठेक मापं तो प्रत्येक पावलाला घेतो. दोन माणसांची साठही मापं जुळत नाहीत. माणूस थकला, जाडा झाला, लंगडला, तरी त्यांच्यातलं आपसातलं नातं तेच राहतं.

कॉटखालचं खोकं त्याच मापांचं दुसरं टोक होतं. डॉ. कल्याणी नेर्लेकर नावाच्या फिजिओथेरपिस्टने ते सुकुमारसाठी आणलं होतं. त्याला तालपट्टी म्हणतात. शर्यतवाल्यांकडून रुग्णाच्या जुन्या पावलांची नोंद मागवायची, ती यंत्रात भरायची. कानामागची पट्टी हाडातून त्याची स्वतःची पावलं ऐकवते आणि तळव्याखाली त्याच वेळी बारीक थरथर होते. शेजारी चालणाऱ्या दोन माणसांची पावलं न ठरवता एकत्र पडू लागतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. मेंदूचा चालणं सांभाळणारा भाग ऐकतो आणि जुळवून घेतो. फक्त इथे शेजारी तुम्हीच असता, आजाराआधीचे.

सुकुमारवर त्याचा काही उपयोग झाला नाही. पाय ऐकेना. खोकं कॉटखाली गेलं.

खोक्यावर डॉक्टरांच्या अक्षरात चिकटवलेलं होतं: दिवसाला फक्त वीस मिनिटं. दुसऱ्या कोणीही वापरू नये.

लांब पळणाऱ्या माणसाला वीस मिनिटं हा आकडा कळतच नाही. वीस मिनिटांत तर अंग तापतं. वीस मिनिटांनी जर एवढं होतं, तर तीन तासांनी नऊपट होईल, असा हिशेब मी केला. आमच्यातल्या कुणीही हाच केला असता.

किमी उणे १०

खोकं मी घरी आणलं. पहिला महिना दुसऱ्याची चप्पल घालून देवळातून परत आल्यासारखं वाटत होतं. जुलैत गुडघा सुजला. ऑगस्टमध्ये उतरला. सप्टेंबरच्या एका रविवारी, कळंब्याच्या रस्त्यावर, लक्षात आलं की पट्टीची बॅटरी केव्हाच संपलीय आणि आवाज तरीही येतोय. टप, सर्र. खाली बघितलं. माझंच पाऊल.

मी आनंदाने ओरडलो. उसातून एक कुत्रं बाहेर आलं, बघून परत गेलं.

तरी एक गोष्ट चमत्कारिक वाटायची. रोज तीन-तीन तास सुकुमार माझ्या कानात पळायचा आणि एक शब्द बोलायचा नाही.

ऑक्टोबरात आप्पा म्हणाले, "उदय, चालणं वेगळं येतंय तुझं."

"पाय दुखतोय जरा."

"कुठला?"

"डावा."

"मला वाटलं, दोघं आलाय," आप्पा म्हणाले.

किमी १

धरणाच्या भिंतीखाली सहाशे माणसं थंडीत उड्या मारत होती. माझ्या छातीवर ४१७. मी टोपी खाली ओढली होती, काळा चष्मा लावला होता. पकडला गेलो असतो तर आम्हा दोघांना जन्माची बंदी होती आणि सुकुमारची नऊ वर्षंही खोडली गेली असती. भोंगा वाजला. बुटातल्या तळ्यांनी पावलं ओळखल्याचा हिरवा दिवा लागला तसा मी श्वास सोडला.

माझा ४१८ घरी कपाटात होता.

किमी २६

परिते. उसाच्या ट्रॉल्या एका बाजूला थांबवलेल्या. एक आजी गुळाचा खडा पुढे करून म्हणत होत्या, "घ्या वो, घ्या, काय त्या बाटलीतलं पिताय!" दरवर्षी इथे सुकुमार दोन खडे घ्यायचा, एक माझ्या तोंडात कोंबायचा. मी दोन घेतले. दुसरा बराच वेळ मुठीत धरून पळालो. शेवटी तो विरघळला आणि बोटं चिकट झाली.

किमी ३२

हळदीच्या पाणपोईवर डेअरीतलाच एक जण स्वयंसेवक होता, रोहिदास कांबळे. माझ्याबरोबर सात वर्षं काम करणारा. मी ग्लास उचलला तसा तो म्हणाला, "मगदूमसाहेब! काय, आज एकटंच?"

माझे पाय थांबले. टोपी, चष्मा, काही उपयोग झाला नव्हता. रोहिदासने हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे. पडद्यावर सुकुमारचा फोटो असणार, आणि त्याच्याखाली 'पावलं जुळली'.

"सॉरी हां, चौगुलेसाहेब," तो म्हणाला. "तुम्ही दोघं लई सारखं दिसताय."

सुकुमार माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

मी वाचलो होतो. पाणी प्यालो आणि पुढे निघालो. वळणावर मागे बघितलं. रोहिदास पुढच्या माणसाला ग्लास देत होता.

किमी ४३

पुईखडीची चढण. इथे सगळेच चालतात. मीही चाललो. चालणंसुद्धा त्याचंच होतं.

किमी ५०

"आणि येतायत क्रमांक चारशे सतरा, सुकुमार चौगुले! सलग दहावं वर्ष! आजपासून हा नंबर कायमचा यांचा!"

टाळ्या वाजल्या. गळ्यात पदक पडलं. फोटो काढणाऱ्या मुलीने विचारलं, "सोबत कोणी आहे का, घरचं?" मी नाही म्हणालो. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून पायमोजे काढले. बाजूला एक कुटुंब डब्यातली बटाट्याची भाजी खात होतं. बाई म्हणाल्या, "घ्या की, दादा." मी चपाती घेतली. त्यांनी माझ्या नंबरकडे बघून कौतुकाने विचारलं, "तुम्हीच काय ते, चौगुले?"

मी हो म्हणालो.

किमी ५१

त्याच दुपारी पदक घेऊन सुकुमारकडे गेलो. त्यांच्या घराला लांब बोळ आहे, शहाबादी फरशीचा. मी त्यातून निम्मा आलो असेन. स्वयंपाकघरात ताट पडल्याचा आवाज झाला आणि पद्मजा वहिनी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. आयुष्यात मी कुणाच्या चेहऱ्यावर तसा आनंद पाहिलेला नाही.

"अहो, उठलात—"

मग त्यांना मी दिसलो.

त्यांनी भिंतीला हात टेकला. भिंतीवर पिठाची पाच बोटं उमटली. मी "वहिनी" म्हणालो, तशा त्या आत गेल्या.

सुकुमार कॉटवर टेकून बसला होता. त्यानेही ऐकलं होतं. मी पदक त्याच्या उजव्या हातात दिलं. त्याने ते न बघता उशीजवळ ठेवलं.

"परत चाल," तो म्हणाला.

"काय?"

"बोळातनं. जा आणि ये."

मी गेलो आणि आलो. त्याने डोळे मिटले होते. "अजून एकदा." मी पुन्हा गेलो आणि आलो. तिसऱ्या वेळी परत आलो तेव्हा तो माझ्या पायांकडे बघत होता, दुकानातल्या काचेआडच्या वस्तूकडे बघावं तसा.

"चांगलं जमलंय," तो म्हणाला. "माझ्यापरीस बरं चालतोयस."

"तूच म्हणालास ना—"

"मीच म्हणालो." सुकुमार गप्प आहे, हे मला तेव्हा प्रथम ऐकू आलं. "मगदूम, एक सांगतो. आता येऊ नको. आलासच तर सायकलवरनं ये, फाटकातनं हाक मार, जा. चालत ह्या घरात येऊ नको. ती रोज ताट पाडंल."

मी हसलो, कारण त्याची ती बोलण्याची पद्धत होती. तो हसला नाही.

परत जाताना बोळातून मी बूट हातात घेऊन चवड्यांवर चाललो. तरी आवाज आलाच.

किमी ५२

फाटक उघडलं. चार पावलं टाकली.

"कोण, सुकुमार? ये बाबा, ये!" आप्पा आरामखुर्चीतून उठायला लागले. "बरा झालास म्हणायचा! बस. उदय येईल इतक्यात. आज पळायला गेलाय तो."

मी समोर बसलो. आप्पा आनंदात होते. त्यांनी मला चुरमुऱ्याचा डबा कुठे आहे ते सांगितलं, पाहुण्याला सांगतात तसं. मी उदय म्हणून ज्या घरात आलो होतो, तिथे बसून आम्ही दोघंही उदयची वाट बघत होतो.

शेवटी म्हणालो, "आप्पा, मीच आहे."

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी. "हो," ते म्हणाले. "तूच आहेस."

दुसऱ्या दिवशी मी डेअरीतून आलो आणि आतून आवाज आला, "कोण?"

तेव्हापासून रोज. आता मी फाटकातूनच ओरडतो, "मी आलोय, आप्पा." पेपरचं ते विचारत नाहीत. विचारायच्या आधीच मी ओरडलेलो असतो.

किमी ५३

फेब्रुवारीत डॉ. नेर्लेकरांकडे गेलो, खोक्याचं आणि आप्पांचं सांगितलं. त्यांनी मला दहा मीटर चालायला लावलं, पडद्याकडे बघितलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"रोज किती वेळ वापरलंत?"

"तीन तास."

"वीस मिनिटं लिहिलं होतं मी."

"वाचलं होतं."

"तुम्ही पळणारे लोक," त्या म्हणाल्या, आणि रागवायचं त्यांनी तिथेच सोडून दिलं. "परत येईल. जसं हे शिकलात तसं तुमचं स्वतःचं शिकायचं. तुमची जुनी नोंद आणा फक्त."

मी तिथूनच शर्यतीच्या ऑफिसला फोन लावला. मुलीने नाव विचारलं, शोधलं. "सर, तुम्ही डिसेंबरमध्ये गैरहजर होता ना? एकतीस तारखेला पुसलं गेलंय. नियम चौदा." मग तिला वाईट वाटलं असावं. "सर, चारशे सतरा तुमचेच मित्र ना? त्यांचं आहे. त्यांचं कायम राहणार."

डॉक्टर म्हणाल्या, व्हिडिओ चालेल, आवाज हवा. घरी जाऊन सगळे शोधले. नऊ शर्यती, कितीतरी रविवार. प्रत्येकात आम्ही दोघं शेजारी. यंत्राने ते ऐकले आणि उत्तर दिलं की पावलं एकाच वेळी पडतायत, वेगळी काढता येत नाहीत.

"एक मार्ग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सहा आठवडे तुम्हाला वेडेवाकडे ताल ऐकवायचे. बसलेली घडी मोडेल. मग जी चाल येईल ती ना त्यांची असेल, ना तुमची. कुणाचीच नसेल. पण नोंदणी होईल. वडील ती नवी म्हणून हळूहळू ओळखायला लागतील."

सोमवारची वेळ दिली.

किमी ५४

नोंदणी होईल असं त्या का म्हणाल्या, ते सांगायचं राहिलं. जानेवारीत मी नव्या हंगामासाठी नाव घातलं होतं, पहिल्या वर्षासाठी, पुन्हा शून्यापासून. तळ्या घालून दोनशे पावलं चाललो. पडद्यावर आलं: ही पावलं क्रमांक ४१७ ची आहेत. दुसऱ्या नावाने स्वीकारता येणार नाहीत.

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, राधानगरीच्या पहिल्या गाडीने गेलो आणि धरणापासून निघालो. नंबर नाही, तळ्या नाहीत, पाणपोई नाही. परित्यात ती आजी नव्हती, तिची खुर्ची होती. एका ट्रॉलीवाल्याने वेग कमी करून विचारलं, "काय मागं लागलंय काय, पावणं?"

मी ऐकत पळत होतो. टप, सर्र. या आवाजाचा धनी कॉटवर आहे आणि त्याला तो ऐकवत नाही. आप्पांना तो परका वाटतो. वहिनी ताट पाडतात. उद्यापासून सहा आठवड्यांनी तो यंत्रातच राहील, रस्त्यावर कुठेच नसेल. आणि मला एक नवी चाल मिळेल आणि शून्य. हे सगळं पुईखडीच्या चढावर स्पष्ट होतं, इतकं की मी मोठ्याने बोलत होतो. उत्तर द्यायला कोणी नव्हतं. नऊ वर्षं त्या चढावर मी गप्प राहिलो होतो, त्यामुळे काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मग मला एक लग्न आठवलं, गडहिंग्लजचं, आणि मी तिथल्या जेवणाचं वर्णन करायला लागलो. मसालेभात, त्यावर तूप, ताकातली मिरची. जिलेबी चौथ्या पंगतीला संपली होती.

चढ संपला.

सोमवारी सकाळी डॉक्टरांना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, आप्पांना मी फाटकातून ओरडून सांगतो, चालतं. त्या म्हणाल्या, विचार करा. मी म्हणालो, केलाय.

रविवारी सुकुमारच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सायकलने जातो. फाटकातून हाक मारतो. कधी तो आतून ओरडतो, "जिता हाईस?" कधी ओरडत नाही. मग मी सायकल ढकलत गल्लीबाहेर येतो, बराच लांब, आणि मगच पळायला सुरुवात करतो.

किमी ०

सुकुमार पहिल्यांदा पळाला तो दोन हजार तीसच्या जानेवारीत, रंकाळ्याच्या काठाने, माझ्या मागे दहा पावलांवर. त्याला पळणं येत नव्हतं. मी जसं टाकीन तसं तो पाऊल टाकत होता.